लोखंडाचं माहेर

गंजलेलं लोखंड घासत बसलं की हातांना एक वास चिकटतो. एसटीतली दांडी धरून उभ्याने प्रवास केला, विहिरीच्या रहाटाची साखळी ओढली, शाळेच्या फाटकाला लोंबकळलं की लहानपणीही तो यायचा. किंचित आंबूस, किंचित रक्ताच्या जवळचा, साबणाने धुतला तरी संध्याकाळपर्यंत बोटांच्या पेरांत रेंगाळणारा. मी त्याला आयुष्यभर लोखंडाचा वास म्हणत आले. पण लोखंडाला स्वतःचा वास नसतो. घामात उतरलेलं लोह आपल्या त्वचेवरच्या स्निग्ध द्रव्याचं विघटन करतं आणि त्यातून जे रेणू हवेत सुटतात त्यांचा तो वास, हे काही रसायनशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोगाने दाखवलं. ज्याला आपण धातूचा म्हणतो तो आपल्याच अंगाचा गंध असतो, लोखंडाने फक्त जागा केलेला. हे कळल्यापासून गंजाविषयी माझ्या मनात जी एक सरसकट नावड होती ती हळूहळू निघून गेली, आणि ती गेली म्हणूनच बहुधा बाबांच्या बुलेटचा सांगाडा मला स्वतःच्या हाताने घासावासा वाटला.

बाबा गुरांचे डॉक्टर होते. रत्नागिरी तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून, अडलेल्या म्हशी आणि फुगलेले बैल शोधत, त्यांनी या गाडीवरून उभं आयुष्य काढलं. ते गेल्यावर गाडी पडवीत उभी राहिली. समुद्र आमच्या घरातून दिसत नाही, पण भरतीच्या वेळी ऐकू येतो, आणि जो आवाज घरात येतो त्याच्याबरोबर मीठही येतं. खिडकीच्या गजांवर येतं, कपाटाच्या बिजागऱ्यांवर येतं, पंख्याच्या पात्यांवर येतं. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, त्या ओलीत लोखंडावर अगदी सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहू लागतात, एका ठिकाणचं लोह विरघळतं आणि शेजारी प्राणवायूला भेटून तांबूस होऊन बसतं. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. अशा गावात उभ्या राहिलेल्या वाहनाला फार काळ मिळत नाही.

निमित्त मात्र सरकारी झालं. दुचाकीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि त्यासाठी चॅसी नंबर स्पष्ट दिसावा लागतो, त्याचा पेन्सिलीने घासून घेतलेला छाप कागदांना जोडावा लागतो. हँडलच्या मानेपाशी, जिथे तो ठोकलेला असतो, तिथे जुन्या रंगाचे पोपडे आणि त्यांच्याखाली गंज इतका दाटला होता की आकड्यांच्या जागी नुसता खडबडीतपणा बोटाला लागत होता. बाबांच्या ओळखीचे जुने मेस्त्री घरी आले, खाली वाकले, चौदा-पंधराच्या पान्याच्या टोकाने त्यांनी सांगाड्याच्या नळ्या जागोजागी वाजवून पाहिल्या. निरोगी नळी वाजते. आतून खाल्लेली नळी बद्द बोलते. बराच वेळ ते कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "बाय, हाडं शाबूत हायत डाक्टरांच्या गाडीची. पण नुसता नंबर साफ करून भागायचं नाय. उघडायला लागेल सगळी."

सगळी उघडणं म्हणजे काय ते मला तेव्हा नीट समजलं नव्हतं. टाकी उतरली, सीट उतरली, मडगार्ड, चाकं, वायरिंगचा अख्खा जुडगा. शेवटी इंजिन. ही गाडी बनवणाऱ्यांनी १९५५ साली मद्रासला काम सुरू केलं ते मुख्यतः आपल्या लष्कराच्या मागणीमुळे, आणि पुढची कित्येक दशकं गाडीचा मूळ घाट फारसा बदलला नाही. त्या घाटातली एक गोष्ट इंजिन उतरल्यावरच कळते. पुढून खाली येणारी नळी इंजिनाच्या अलीकडेच थांबते. खालून तिला जोडणारं काहीच नाही. इंजिनच तिथे सांगाड्याचा भाग होऊन भार पेलतं. त्यामुळे रिकामा सांगाडा अपुरा दिसतो, खालून उघडा. मेस्त्रींनी तो अंगणातल्या आंब्याच्या फांदीला जाड तारेने टांगला आणि मी पहिल्यांदा त्याच्याभोवती सगळीकडून फिरले. ज्या गाडीच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेले, तिचा हा भाग मी कधी पाहिलेलाच नव्हता.

गंज कुठे बसतो हे पाहत गेलं की वाहनाच्या आयुष्याची एक गुपित वही उलगडत जाते. बॅटरीच्या पेटीखाली, कारण तिथे आम्ल सांडतं. मधल्या स्टँडच्या खुंटीशी, कारण तिथे लोखंडावर लोखंड घासून रंग टिकत नाही. मागच्या मडगार्डच्या आत, जिथे चाकाने उडवलेला चिखल वाळून बसतो आणि पावसाळाभर ओल धरून ठेवतो. दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या फटीत, जिथे पाणी जातं पण वारा जात नाही. उलट, इंजिनाच्या मागे आणि खाली जो भाग येतो तो जवळजवळ निष्कलंक होता. या गाड्यांचं इंजिन ऑईल गळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. आई त्या पडवीतल्या डागांवरून बाबांना आयुष्यभर बोलत आली. त्या गळतीने सांगाड्याचा तेवढा भाग इतकी वर्षं तेलकट राहिला होता, आणि तेलकट राहिला म्हणून वाचला होता. जिथे गळत नव्हतं तिथली सोय बाबांनी हाताने केली होती. मेस्त्री सांगत होते, मे महिना संपत आला की डाक्टर स्वतः येऊन जळकं ऑईल घेऊन जायचे, त्यात थोडं रॉकेल घालायचे आणि जुन्या बनियनच्या बोळ्याने गाडीच्या पोटाला पुसून काढायचे.

त्याच सुमाराला आमच्याकडे आगोट चालू असते. सांडगे-पापड डब्यांत जातात, सुकी मासळी भरली जाते, लाकडं पडवीत येतात, कौलं चाळली जातात, बंदरावर होड्या ओढून झापांनी शाकारतात. पावसाआधीच्या या सगळ्या लगबगीत एक माणूस गाडीखाली आडवा होऊन तिच्या पोटाला तेल चोळतो आहे, हे दृश्य मला लहानपणी वेगळं वाटलंच नाही; घर शाकारणं, होडी शाकारणं आणि गाडी शाकारणं यांत भेद करण्याचं कारण नव्हतं. बाबांनी कधी गाडीचं कौतुक केलेलं मला आठवत नाही. तिचं नाव ठेवलं नाही, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला नाही. फक्त दर वर्षी आगोटीला तेल लावलं.

घासायला सुरुवात केली. तारेचा ब्रश, रंग सोडवणारा लेप, मग पॉलिश पेपर, जाड नंबरापासून बारीक नंबरापर्यंत. जुन्या रंगांत शिसं असतं म्हणून कोरडं घासायचं नाही, वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायचं, तोंडाला चांगला मास्क बांधायचा. कोणी सुचवलं की एमआयडीसीत सँड ब्लास्टिंग करून घ्या, तासाभरात पांढरं लोखंड हातात येईल. ते खरंही आहे. पण बंदिस्त खोली आणि हवेचा पुरवठा असलेलं शिरस्त्राण यांशिवाय, नुसता रुमाल बांधून, पत्र्याच्या शेडमध्ये वाळूचा फवारा मारणारी पोरं मी पाहिली आहेत. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते ती निघत नाही. खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना ज्या रोगाने ग्रासलं तोच रोग इथेही दबा धरून असतो. माझा वेळ वाचावा म्हणून कुणाचा श्वास खर्ची पडावा हे मला पटणारं नव्हतं. हाताने जे होईल ते होईल.

वरचा काळा रंग निघाला, त्याखाली ब्रशने मारलेला आणखी एक काळा, बाबांच्या हातचा असावा, कारण त्यात केसांच्या रेघा होत्या. आणि त्याखाली हिरवा. सैन्याच्या ट्रकांवर असतो तो मळकट, ऑलिव्ह हिरवा. मी थांबले. आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, त्या हिरव्या चकंदळाकडे तिने पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "अगं, आमच्या लग्नात हिरवीच होती की. मिलिटरीच्या लिलावातली. तुझ्या वेळी मला दिवस गेले तेव्हा ह्यांनी काळी केली."

मी काही बोलले नाही. माझ्या जन्माआधी ही गाडी हिरवी होती, आणि त्याच्याही आधी ती कुठल्या तरी छावणीत होती, कुणा जवानाने तिला लाथ मारून चालू केलं होतं, कुठल्या तरी थंड प्रदेशात तिचा धूर पांढरा निघाला असेल. ज्या वस्तूला आपण आपल्या बापाची म्हणतो तिलाही एक तारुण्य असतं, ज्यात आपण नसतो आणि बापही नसतो. मला तो हिरवा तुकडा राखून ठेवावासा वाटला; टाकीच्या खाली, कुणाला दिसणार नाही असा. मेस्त्रींनी नखाने त्याची कड उचलून दाखवली. रंग सुटत होता आणि त्याच्याखाली गंजाची एक नारिंगी शीर सरपटत पुढे गेली होती. जुन्या रंगावर नवा रंग टिकत नाही, जुना ज्यावर उभा आहे ते जर सुटत असेल तर नवाही त्याच्याबरोबर सुटतो. म्हणून तोही घासला. हिरवं पाणी अंगणातल्या लाल मातीत मिसळू नये म्हणून खाली ताडपत्री घातली होती, त्यात ते साचलं आणि वाळलं.

त्या ताडपत्रीशेजारी बसूनच मला एक गोष्ट इतकी उशिरा का सुचली याचं नवल वाटलं. माझ्या हातातल्या कागदावर जी तांबूस पूड जमत होती तिचा रंग आणि अंगणाच्या मातीचा रंग एकच होता. कुंपणाच्या गडग्याचा रंग तोच. घराच्या भिंतींचा, विहिरीच्या कठड्याचा, समोरच्या कातळी सड्याचा. आमचा सगळा मुलूख जांभ्याचा, आणि जांभा लाल असतो तो त्यातल्या लोहाच्या ऑक्साईडमुळे. लक्षावधी वर्षं पावसाने खडक धुतला, विरघळणारं सगळं समुद्रात गेलं, आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम तेवढे मागे राहून गंजत राहिले. खाणीतून चिरा कापतात तेव्हा तो मऊ असतो. हवा लागली, वाळला की त्यातली लोहसंयुगं आवळत जातात आणि चिरा कठीण होतो. ज्या रसायनाने माझ्या गाडीचा सांगाडा झिजवला त्यानेच माझ्या घराची भिंत घट्ट केली आहे. शेजारच्या सिमेंटच्या बंगल्याचा स्लॅब मात्र उकलतो आहे, कारण आतली सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो.

एकेकाळी सह्याद्रीत, महाबळेश्वराच्या बाजूला, धावड लोक याच जांभ्यातून लोखंड काढत. जंगलातला कोळसा, मातीची भट्टी, भाता. आगीने दगडातला प्राणवायू हिरावून घ्यायचा आणि उरलेला धातू घणाखाली ठोकायचा. आजचे प्रचंड पोलाद कारखाने तत्त्वतः तेच करतात. म्हणजे लोखंड ही निसर्गात सहसा सापडणारी गोष्ट नाहीच. ते दगडातून बळाने उचलून आणलेलं असतं, आणि आणल्या क्षणापासून त्याची ओढ परत त्या लाल दगडाकडे असते. मुलगी कितीही सुखात नांदली तरी पहिल्या पावसाला तिला जशी माहेरची आठवण येते, तसं लोखंड पाणी आणि वारा भेटला की माहेरी निघतं. गंज हा त्या वाटेवरचा प्रवास. आपण त्याला क्षय म्हणतो कारण आपण सासरचे आहोत.

आणि माहेर किती टिकाऊ! उक्षी, कशेळी, बारसू इथल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी हत्ती कोरले, मासे कोरले, अर्थ न लागणाऱ्या चौकटी कोरल्या. ती कातळशिल्पं इतके पावसाळे अंगावर घेऊन अजून वाचता येतात. ज्या माणसांनी ती कोरली त्यांच्यानंतर बहुधा किती तरी काळाने या मुलखात लोखंड आलं, आणि त्या पहिल्या लोखंडातलं आता जवळजवळ काहीच उरलेलं नाही. टिकायचं तर परत दगड व्हावं लागतं असंच जणू या पदार्थाचं ठरलेलं आहे.

तरीही काही वेळा माणसाने मोठी मुदत मिळवली आहे. दिल्लीच्या कुतुब परिसरातला लोहस्तंभ सोळाशे वर्षांच्या आसपासचा, सहा टनांहून जड. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवलं की त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे. कोळशाच्या भट्टीत, चुनखडीविना गाळलेलं लोखंड असल्याने तो त्यात राहून गेला. त्यामुळे स्तंभावर जो पहिला गंज धरला त्याचंच एक पातळ, घट्ट, फॉस्फेटचं कवच बनलं आणि त्याने पुढच्या गंजाची वाट अडवली. आज दुकानात गंजावर लावायचं जे पाण्यासारखं औषध बाटलीत मिळतं त्यात बहुधा फॉस्फरिक आम्लच असतं. ब्रश न पोचणाऱ्या कोनाकोपऱ्यांत मी ते लावलं, आणि तांबूस खवले थोड्या वेळात काळसर राखाडी झाले. दुसरी तऱ्हा टॅनिनची. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला हिरडा टॅनिनने भरलेला असतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे पूर्वी करत. मी कुतूहल म्हणून हिरड्याची पूड उकळून तो काढा मडगार्डच्या एका टाकाऊ पट्टीवर लावला. गंज निळा-काळा झाला, दौतीतल्या शाईच्या रंगाचा. त्या पट्टीकडे त्या दिवशी मी बराच वेळ नुसती बघत बसले.

घासून उघडं झालेलं लोखंड देखणं असतं हे कुणी मला सांगितलं नव्हतं. त्याचा रंग चांदीचा नाही, पोलादी पेल्याचाही नाही; ढगाळ दिवशी खाडीचं पाणी असतं त्या करड्याच्या जवळचा. वेल्डिंगच्या सांध्यांवर कारागिराच्या हाताची लय दिसते, एक शिवण सरळ, दुसरी जराशी घाईतली. मानेपाशी थिनरमध्ये भिजवलेलं फडकं आणि अगदी बारीक पेपर वापरून, तारेचं चाक मुद्दाम लांब ठेवून, मेस्त्रींनी चॅसी नंबर उघडा केला. तो खोडला गेला असता तर पुढे गाडी कायद्याने कुणाचीच राहिली नसती. आकडे एका ओळीत नव्हते, हाताने ठोकलेले असल्याने एखादा वर, एखादा खाली. मी कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. आकडे एकेक करून कागदावर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगाड्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटलेले होते, नारिंगी रेषांत, चक्रं आणि शंख स्पष्ट. आदल्या संध्याकाळी मी नळी उघड्या हाताने धरली असणार, आणि घामातल्या मिठाने रात्रीत आपलं काम केलं. आमच्या हवेत उघडं लोखंड एक रात्रही थांबत नाही. म्हणून रंगाआधी गोड्या पाण्याने सगळं पुन्हा धुवायचं, कारण न दिसणारं मीठ रंगाखाली राहिलं तर त्याच जागी पुढे फोड येतो. उन्हात लगेच सुकवायचं, थिनरने पुसायचं, हातमोजे घालायचे आणि त्याच तासात प्रायमर मारायचा. खड्डे राहिले होते. गंज जिथे खोल गेला तिथे लोखंडात देवीच्या व्रणांसारखी जाळी उरते, ती घासून जात नाही. काही ठिकाणी मेस्त्रींनी पोटीन भरायला काढलं, मी नको म्हटलं. भार पेलणाऱ्या नळीवरचं पोटीन डोळ्यांचं समाधान करतं, आणि पुढे त्याखाली काय चाललं आहे ते डोळ्यांना दिसू देत नाही. खड्डे असू देत, रंग मात्र त्यांच्या तळापर्यंत पोचला पाहिजे.

प्रायमर म्हणून रेड ऑक्साईड. डब्याचं झाकण उचकटलं आणि काठीने ढवळलं तेव्हा तळातून वर आला तो पुन्हा तोच रंग, अंगणाचा, चिऱ्याचा, गेरूचा. रेड ऑक्साईडमधलं रंगद्रव्य लोहाचं ऑक्साईडच असतं. गेरूतही तेच, ज्याने कुंभार माठ रंगवतो, ज्याच्यावर वारली बाया तांदळाच्या पांढऱ्या रेषा काढतात, जो आई अजून तुळशीवृंदावनाला लावते. जे लोह पूर्ण माहेरी पोचलं आहे त्याला आता कुठे जायचं नाही. ते शांत असतं, आणि तेच आपण वाटेवरच्या लोखंडाच्या अंगावर पांघरतो. याच्याआधीच्या पिढ्या पुलांना आणि जहाजांना शिशाचं लाल ऑक्साईड लावत. पारंपरिक शेंदूर म्हणजेही तेच द्रव्य. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला शेंदराचा थर २०२२ साली काढला तेव्हा खालचं मूळ पाषाणरूप पाहून लोकांचे डोळे भरून आले होते. तेलात कालवलेलं लाल द्रव्य दर वर्षी नव्याने चोपडायचं आणि आतलं जपायचं, ही रीत देवळात आणि जहाजाच्या गोदीत एकच होती. शिसं विषारी आहे हे कळल्यावर गोदीने ते सोडलं, ते बरंच झालं. घरगुती रंगांतल्या शिशालाही आपल्याकडे २०१७ पासून कडक मर्यादा आहे.

रंगाची वेळ मेस्त्रींनी ठरवली. पौषातली कोरडी हवा, आणि तीही सकाळची. रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो कोरडा असतो, त्यात मीठ नसतं. दुपारी वारा फिरतो आणि खारा वारा सुरू होतो. त्याच्या आत कोट बसून वाळला पाहिजे. दमट हवेत फवारलेला डुको रंग पांढुरका पडतो, त्याची चकाकी आतूनच मरते. आमच्या शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती होती, बाणांची. तिचा उपयोग एखाद्या माणसाच्या हातात एवढा नेमका असू शकतो हे मला तेव्हा कुणी दाखवलं असतं तर मी भूगोल अधिक प्रेमाने शिकले असते. कॉम्प्रेसर सुरू झाला. मेस्त्री फांदीखाली उभे राहून गन मारत होते, एका जागी न थांबता, हाताचं अंतर न बदलता, आणि आधी आतले, खालचे, मागचे भाग. टाकीखालचा. बॅटरीच्या पेटीमागचा. मी विचारलं, मेस्त्रीकाका, जे दिसणारच नाही तिथे एवढा वेळ का? ते गन न थांबवता म्हणाले, "दिसतं तिथं माणूस पुसतो गो. नाय दिसत तिथं रंगानंच एकट्यानं ऱ्हायाचं असतं."

सांगाडा पुन्हा काळा झाला. हिरवा करावा का असं एकदा मनात आलं होतं, पण नोंदणीत काळा आहे आणि मला आठवतो तोही काळाच. वर्षानुवर्षांच्या रंगांचा थर निघून गेल्याने वजनात काही फरक पडला नसेल, तरी पुन्हा जोडलेली गाडी मला हलकी वाटली. पहिल्या लाथेला चालू झाली नाही. डीकॉम्प्रेशनची कळ दाबून, अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणून, बाबा करायचे तसं सावकाश केल्यावर झाली. आई दारात उभी होती. "ऑईल गळतं का अजून?" तिने विचारलं. गळत होतं. मेस्त्रींनी नवं पॅकिंग घालायला घेतलं तेव्हा मीच त्यांना थांबवलं. थेंब थेंब गळू दे, खाली मी ट्रे ठेवीन.

नोंदणीचं नूतनीकरण झालं. पाच वर्षांचं. रंगाचा भरवसा आमच्या हवेत साधारण तेवढाच, मधे दर वर्षी तेल लावलं तर.

तुमच्याही घरी, पडवीत किंवा सोसायटीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात, कुणाची तरी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल. ताडपत्री आधी काढा. ती पाऊस अडवते त्याहून जास्त ओल कोंडते. गोड्या पाण्याने धुऊन गाडी उन्हात सुकू द्या आणि एकदा खाली वाकून पाहा, बॅटरीखाली, स्टँडच्या खुंटीशी, मडगार्डच्या आत. तारेचा ब्रश, चार पॉलिश पेपर आणि रेड ऑक्साईडचा छोटा डबा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. घासताना मास्क आणि हातमोजे घाला, चॅसी नंबराला धक्का लावू नका, आणि घरातलं एखादं धाकटं पोर शेजारी बसवून घ्या. मिरग लागायच्या आत उरकून टाका.